कंडेम केलेली आठ मशिनं

दशरथ, परवा तुझ्या शोकसभेत मी लोकांना हसवलं.

तुला नवल वाटणार नाही. माईक हातात आला की माझं काय होतं, ते तू पंचवीस वर्षं पाहिलंस. मराठी मंडळाचा हॉल भरला होता. समोर बुद्धमूर्ती, शेजारी तुझा फोटो, आणि फोटोत तू नेहमीसारखा कॅमेऱ्यावर संशय घेत उभा. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मग चार भाषणं झाली. चारही वक्त्यांनी तुला 'कर्तव्यदक्ष' म्हटलं. चौथ्यानं तर तुझं आडनावही चुकवलं. मग माझी पाळी आली. उठलो तेव्हा मी रडत होतो, शपथेवर सांगतो. पण समोर तुझे जुने विद्यार्थी मांडी घालून बसलेले दिसले. चाळीसेक टर्नर, धुतलेले शर्ट, पण नखांत काळं तेल तसंच. ते बघून माझ्यातला बहुरूपी जागा झाला. मी तुझी नक्कल केली. मशिनाला कान लावून, डोळे मिटून, "थांबा रे, बेअरिंग रडतंय ह्याचं" म्हणणारा तू. सगळा हॉल हसला. वहिनीही पदराआड हसल्या. मी खुशीत खाली बसलो.

सभा संपल्यावर यादगिरी आला. तुझा यादगिरी, आता कुकटपल्लीला स्वतःची शेड आहे त्याची, पोट सुटलंय. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "सार, एक बात पूछना था. सारकू वो कब्रस्तान का आइडिया आया कैसा की?"

आणि मी, दशरथ, त्याच्या खांद्यावर हात ठेवून गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "बडे दिमाग का आदमी था, बेटा."

ते दिमाग कुणाचं होतं हे जगात दोघांना माहीत होतं. परवा ते एकालाच माहीत उरलं होतं. म्हणून हे लिहायला बसलोय.

हे मंडळाच्या अंकात छापून येईल, आणि वाचणाऱ्यांना कब्रस्तान म्हणजे काय ते कळायला हवं. तेव्हा तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगतो. कंटाळू नकोस. माझा किस्सा तिसऱ्यांदा ऐकतानाही तू पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा करायचास. तेवढं आणखी एकदा कर.

सरकारी आयटीआयमध्ये आपण एकाच दिवशी रुजू झालो. तू टर्नर ट्रेडचा इन्स्ट्रक्टर, मी स्टोअरकीपर. तू मराठवाड्यातून पत्र्याची ट्रंक घेऊन आलास, वडील खडी फोडायचे, घराण्यातली पहिली सरकारी नोकरी. मी जन्मानं हैदराबादी, जिभेवर मराठी, दखनी आणि तेलुगूची भेळ, आणि घरात तीन पिढ्यांचे कारकून. पहिल्याच दिवशी किल्ल्या माझ्या हाती आल्या, आणि मी तुला स्टोअर दाखवलं आणि मग वर्कशॉप. तिथं लोखंड कातायची आठ लेथ मशिनं ओळीनं उभी होती, आणि आठांवर पांढऱ्या चादरी.

"काय जी, हे कोण वारले?" तू विचारलंस. तुझा चेहरा इतका सरळ होता की मला वाटलं, तू खरंच विचारतोयस.

कुणी वारलं नव्हतं. मशिनं नव्यासारखी होती. देशाला कुशल हात हवेत म्हणून सरकारनं ती लाकडी खोक्यांतून पाठवली होती, आणि खोक्याबरोबर एक नियमही पाठवला होता: मशीन मोडलं तर वसुली इन्स्ट्रक्टरच्या पगारातून. तुझ्या आधीच्या इन्स्ट्रक्टरच्या वेळी एका मुलानं गिअर तोडला, आणि तो गृहस्थ निवृत्त होईपर्यंत पगारातून कापून घेत राहिला. तेव्हापासून चादरी. मुलं दोन वर्षं फळ्यावर लेथचं चित्र काढायची. चक कुठे, टूल कुठे, बाण काढून नावं लिहायची. वर्षातून एकदा, दसऱ्याला, चादरी निघायच्या. हळद, कुंकू, झेंडूच्या माळा, लिंबू. प्रिन्सिपॉल नारळ फोडायचे, मुलांना पेढा मिळायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत चादर. दोन वर्षांनी मुलाच्या हाती टर्नरचं सर्टिफिकेट यायचं. त्या मुलानं लेथला हात लावलेला असायचा तो फक्त कुंकू लावताना.

तू पहिल्या दसऱ्याला बाजूला उभा होतास, हाताची घडी घालून. मी पेढा द्यायला आलो तर म्हणालास, "ह्यांनी मशिनांच्या मूर्ती केल्या. आता हात लावू द्या म्हणून मागणं आलं." मग जरासा हसलास. "त्याची आमच्या घराण्याला सवय आहे."

मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं. मी ते दहा ठिकाणी तुझ्या आवाजात सांगितलं. त्यातलं दुखणं मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

आता कब्रस्तान.

वर्कशॉपच्या मागच्या कडुलिंबाखाली आपण डबा खात होतो. तू वैतागला होतास. एका कारखान्यानं तुझ्या पहिल्या बॅचचे सगळे पोरगे परत पाठवले होते, मशीन सुरू कसं करतात ते माहीत नाही म्हणून. तू म्हणालास, "मोडायची भीती गेल्याशिवाय हात बसत नाही. आणि भीती तर पगाराला बांधलीय."

मला तेव्हा चेव आला. तसा मला नेहमीच यायचा. मी चटणीचं बोट चाटलं, उठलो, वर्कशॉपमध्ये गेलो, पहिल्या मशिनाची चादर काढली आणि त्याच्या हँडलची नाडी धरली. सिव्हिल सर्जनचा चेहरा केला. घड्याळ पाहिलं. मान हलवली. "गेले," म्हणालो. "नातेवाइकांना कळवा." आणि चादर तोंडावरून ओढून घेतली.

तू हसून हसून खोकायला लागलास. मग मी म्हणालो, "दशरथ, स्टोअरच्या नियमात एक मौज आहे. मशीन कंडेम झालं की ते भंगार. भंगार मोडलं तर वसुली नाही. मेलेल्याला आणखी कोण मारणार? कंडेम करू या ना. मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवू, लिलाव होईपर्यंत. लिलाव काय, आपल्या नातवंडांच्या लग्नापर्यंत व्हायचा नाही."

तू हसायचं थांबलास. तुझे डोळे मला आठवतात. मी विनोद केला होता. तू ऐकला होतास.

कंडेमच्या सर्टिफिकेटवर तुझी सही, माझी सही, आणि तपासणी समितीच्या तिघांच्या सह्या. तिघांनी समोशाचं तेल कागदाला लावत, मशीन न बघता सह्या केल्या. पहिलं मशीन मेलं. सहा महिन्यांनी दुसरं. चार वर्षांत आठही गेली. प्रत्येकाचा मृत्यू मी नाडी धरून जाहीर केला, आणि तू दर वेळी हसलास. मागच्या शेडमध्ये मात्र काय गंमत होती! आठही मशिनं धडधडत होती, कूलंटचा वास, लोखंडाच्या वळ्यावळ्यांच्या साली फरशीवर पडलेल्या. मुलं टूल तोडायची, जॉब बिघडवायची, एकानं तर चकची किल्लीच आत विसरून मशीन सुरू केलं आणि ती पत्र्याला भोक पाडून गेली. तू त्याला ओरडला नाहीस. त्याला ते भोक दाखवलंस आणि म्हणालास, "ये तेरा सर्टिफिकेट है. विसरशील का आता?" तो यादगिरीच होता. मुलं सकाळी यायची आणि विचारायची, "सार, आज कब्रस्तान में क्लास है क्या?" तू म्हणायचास, "हौ. जिंदा लोगां सब उधरइच आ जाओ."

कारखानदार मग स्वतः यायला लागले. फाटकावर स्कूटर उभी करून विचारायचे, तुमची टर्नरची बॅच कधी निघते. मी त्यांना चहा पाजायचो आणि छाती काढून उभा राहायचो, जणू माझ्याच हाताखाली तयार झाली पोरं.

आणि मग नवे दिवस आले. तेही तुला माहीत आहेत, तरी सांगतो.

देश उघडला म्हणाले. सरकारचा हात आखडला म्हणाले. जो निवृत्त होईल त्याची जागा भरायची नाही. वायरमन ट्रेडचे इन्स्ट्रक्टर गेले, तर त्यांची खुर्ची तेवढी उरली. मग वरून योजना आली की चांगल्या संस्थांना नवी यंत्रं मिळतील आणि दुबळ्या बंद होतील. चांगली कुठली हे ठरवायला एक तरुण अधिकारी आला. वाईट माणूस नव्हता. हातात छापील तक्ता होता. त्यात एक रकाना: चालू स्थितीतली मशिनं.

टर्नर ट्रेडपुढे शून्य लिहिलेलं होतं.

"मशीन नाही, मग इन्स्ट्रक्टर कशाला?" त्यानं साधेपणानं विचारलं.

तू त्याला जवळजवळ ओढत मागच्या शेडमध्ये नेलंस. आठही मशिनं सुरू केलीस. आठ मुलं उभी केलीस. त्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत लोखंडाच्या आठ पिना कातल्या, आणि तू मायक्रोमीटर त्याच्या हातात दिलास. त्यानं मोजलं. खूश झाला बिचारा. मग तक्त्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं हिंदीत जे विचारलं ते मी आजही झोपेत ऐकतो: "ही चालत असतील तर सर्टिफिकेट खोटं. सर्टिफिकेट खरं असेल तर मशीन नाही. बोला, काय लिहू?"

मुलांनी मशिनं बंद केली. 

तू म्हणालास, "सर्टिफिकेट झूटा है सार. ट्रेड बचाओ."

"किसने किया?"

"मैंच किया."

"और सोचा किसने?"

मी तुझ्यापासून चार हातांवर उभा होतो. माझ्या हातात शेडच्या किल्ल्यांचा जुडगा होता. ज्या गळ्यानं मी गणपतीच्या नाटकात माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचो, तो गळा माझ्याजवळच होता. त्याच आठवड्यात सरप्लस, म्हणजे जादा ठरवून काढायच्या, स्टाफची यादी तयार होत होती. माझी मुलगी बारावीला होती. ही कारणं झाली. ती तेव्हा डोंगराएवढी वाटली होती. आज लिहिताना ओळभर भरली नाहीत.

तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. "मैंच सोचा," म्हणालास.

चौकशी लागली, आणि चौकशी चालू असलेल्या ट्रेडला नवं काही द्यायचं नाही, म्हणून ट्रेड बंद झाला. तुझ्या वेतनवाढी थांबल्या, तुला लांबच्या जिल्ह्यात धाडलं. माझीही सही होती त्या कागदांवर, पण स्टोअरकीपर काय, तज्ज्ञ सांगेल तिथं सही करतो, असं माझ्याबद्दल लिहिलं गेलं. ते मी वाचलं. आणि दुरुस्त केलं नाही. सर्टिफिकेट खोटं ठरलं तरी मशिनं काही जिवंत झाली नाहीत. मेलेलं मशीन परत जिवंत दाखवायचा फॉर्मच सरकारकडे नव्हता. ती वजनावर भंगारात गेली. यादगिरीनं त्यातलं एक विकत घेऊन सोडवून आणलं; ते आजही त्याच्या शेडमध्ये चालतं.

एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. तू बदलीवर गेल्यानंतर स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला, "ह्या लोकांना जागा मिळते, पण जागेची किंमत नसते." 'ह्या लोकांना' म्हणजे कुणाला, ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मी हसलो नाही. एवढं म्हणू शकतो. पण मी उठलोही नाही. विषय बदलायला एक किस्सा सांगितला. फार रंगला.

तू निवृत्तीच्या आधी परत आलास, नल्लकुंट्याच्या त्या दोन खोल्यांत. मी दर रविवारी यायला लागलो. आपण दोघं फिरत फिरत जुन्या संस्थेपर्यंत जायचो. आपल्या वर्कशॉपचा हॉल एका खासगी कंप्युटर क्लासला दिला होता. काचेचं दार, आत गार हवा, बाहेर चपलांची रांग. आपण समोरच्या पानाच्या ठेल्यावर उभे राहून भांडायचो.

"बघ," मी म्हणायचो, "हे बघ. पोरं आत जातायत, नोकऱ्या लागतायत, अमेरिकेला चाललीत. आपल्या सरकारनं काय केलं? मशिनं घेतली आणि चादरी घातल्या."

"आत जाणाऱ्यांत यादगिरी दाखव मला," तू म्हणायचास. "बाप हमाल असलेला एक दाखव."

"अरे, पण सरकारनं खर्च केला होता ना यादगिरीवर? मग? सरकारी खर्चाचं काय होतं ते आपण दोघांनी नाही पाहिलं, तर कुणी पाहिलं?"

तू बराच वेळ सुपारी चघळत राहायचास. शेवटच्या रविवारी तू म्हणालास, "सरकारनं लोखंडावर खर्च केला रे. पोराला चुकू द्यायचं होतं, त्याला एक पैसाही लागत नव्हता. तेवढंच दिलं नाही. आणि हा काचवालाही नाही देणार. तिथं चुकलं तर फी बुडते."

मी म्हटलं, ह्याला माझ्याकडे उत्तर आहे, पुढच्या रविवारी देतो. ते उत्तर तेव्हाही नव्हतं. आजही शोधतोय. पुढचा रविवार काही आला नाही.

घरी परतलो की तू खोलीतून हाक मारायचास, "अगं, चहा टाक." पहिला चहा व्हायचा. मी किस्से सांगायचो. वहिनी दारात बसून हसायच्या. मग तू परत म्हणायचास, "अगं, आणखी एकदा टाक. निवांत." वहिनी आत जायच्या. मी तुझी चेष्टा करायचो, की तुझा एखादा चहाचा मळा आहे काय, मला बुडवून मारायचा बेत आहे काय. खुर्चीत मागे टेकून माझ्याकडे बघत बसायचास. आतून चहा यायला फार वेळ लागायचा. त्या शांततेत मला अवघडल्यासारखं व्हायचं, आणि मी आणखी एखादा किस्सा सुरू करायचो.

काल मी वहिनींना भेटायला गेलो. तुझी खुर्ची जागच्या जागी होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, काल तुम्ही बरं केलंत. ह्यांना रडारड आवडली नसती." मग म्हणाल्या, "चहा ठेवते. आज लवकर आणते हो. आता वेळ लावायला कुणी सांगणारं नाही."

मी विचारलं, "कोण सांगायचं?"

"हेच की. दुसऱ्या चहाला म्हणायचे, घाई करू नकोस, चांगला उकळू दे. मी विचारलं एकदा, असं काय आहे हो? तर म्हणाले, त्याला मला एक सांगायचंय. समोर माणसं असली की त्याला ते येत नाही."

मी तुझ्या खुर्चीकडे बघत राहिलो, दशरथ. किती रविवार झाले असतील! किती वेळा तू माझ्यासाठी सगळं थिएटर रिकामं केलंस, दिवे मंद केलेस, आणि मी स्टेजवर उभा राहून भलतंच नाटक करून घरी गेलो. मला जिना उतरताना वाटायचं, आज मैफल छान झाली.

वहिनींनी विचारलं, "काय सांगायचं होतं हो तुम्हाला?"

त्यांना तेच एक माहीत नव्हतं. तू त्यांनाही सांगितलं नव्हतंस. मग मी सांगितलं. कडुलिंब, चटणीचं बोट, नाडी, अधिकाऱ्याचा प्रश्न, माझ्या हातातल्या किल्ल्या. स्टाफरूममधलं ते वाक्य आणि त्यानंतरचा माझा किस्साही सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट हातवारे न करता सांगितली. वहिनी ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हलला नाही. संपल्यावर त्या उठल्या आणि आत गेल्या.

मी बसून राहिलो. स्टोव्हचा आवाज आला नाही. भांड्याचा आला नाही. बऱ्याच वेळानं आतूनच त्या म्हणाल्या, "त्यांच्या बदलीच्या गावी पाणी नव्हतं भाऊजी. मी तीन वर्षं हापशावरून आणलं."

मी जायला उठलो.

"आणि हे मला एकटीला काय सांगता? त्या पोरांना सांगा. ती अजून म्हणतात, सरांच्या चुकीनं ट्रेड गेला. काल हसवलंत ना त्यांना? त्यांनाच सांगा."

चहा आला नाही. मी चपला घातल्या आणि जिना उतरलो.

रस्त्यावरच्या बूथवरून यादगिरीला फोन केला. म्हटलं, सगळ्यांना बोलव, तुझ्या शेडमध्ये, मला काही सांगायचंय. मी हे सगळं लिहून काढलंय, पण त्यांच्यातल्या दोघातिघांनाच मराठी वाचता येतं. तेव्हा तोंडानंच सांगावं लागणार, दखनीत, चाळीस माणसांसमोर. म्हणजे तू वहिनींना म्हणालास ते, समोर माणसं असताना मला न येणारं काम.

यादगिरी म्हणाला, "आओ सार. वो कब्रस्तान वाला मशीन बंद रखतूं उस टाइम पे. आवाज बहुत करता वो."

म्हटलं, "नक्को. चालू रख."

"फिर आपकू चिल्लाना पडता सार."

"हौ," म्हणालो. "चिल्लातूं."